जुनी बोट घेतलीय? नवा रंग मारायच्या आधी तळावर काय काय बसलंय ते ओळखा

पुण्यात बोट म्हटलं की लोकांना खडकवासल्याची चौपाटी नाहीतर सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजची रिगाटा (बोटींचा सोहळा) आठवते, पण पानशेत, मुळशी, पवना इकडे हौशी लोकांच्या छोट्या फायबरच्या बोटीही दिसतात, आणि माझ्या बघण्यातल्या बहुतेक सेकंडहँड, मुंबई-अलिबाग-गोव्याकडून ट्रेलरवर टाकून घाट चढून आलेल्या. वरून चकाचक असतात, खाली वाकून बघितलं की तीन रंगांचे पोपडे. मग मालक रंगाऱ्याला बोलावतो आणि रंगारीमामा म्हणतात, "साहेब, एक हात घासून वरून मारून टाकू, पाण्याखाली कोण बघतंय?"

मामांचा हात चांगला असतो यात वाद नाही, पण भिंत वेगळी आणि चोवीस तास पाण्यात बसणारा तळ वेगळा. नवा रंग कितीही महागाचा आणा, तो खालच्या सगळ्यात कमजोर थराइतकाच टिकणार, तो थर सुटला की त्याच्यावरचं सगळं घेऊन सुटणार. म्हणून आधी तो कमजोर थर शोधायचा, मग खर्च करायचा. हे शोधायला एक सकाळ पुरते आणि सामान पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत, एका फेरीत मिळतं.

आधी चौकशी

जुन्या मालकाला तीन गोष्टी विचारा. बोट समुद्रात कायम पाण्यात उभी असायची की ट्रेलरवर? शेवटचा रंग कुणी मारला, बोटीच्या यार्डवाल्याने की गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने? आणि डबा एकच होता की हार्डनरचा वेगळा डबा होता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. एका डब्याचे रंग म्हणजे एनॅमल, व्हिनाइल, क्लोरिनेटेड रबर, बहुतेक अँटीफाउलिंग (तळाला जीव चिकटू नयेत म्हणून मारायचा रंग). दोन डब्यांचे म्हणजे इपॉक्सी आणि पीयू (पॉलियुरेथेन). एका डब्याचा रंग चांगल्या घासलेल्या दोन डब्यांच्या रंगावर सहसा बसतो, पण उलटं केलंत, म्हणजे जुन्या एनॅमलवर इपॉक्सी मारलात, तर त्यातलं थिनर खालच्या रंगाला फुगवतं आणि सगळं सुरकुतून वर येतं. अर्ध्याहून जास्त बिघडलेली कामं मी याच एका कारणाने बघितलीत.

समुद्रात कायम असलेल्या बोटीवर अँटीफाउलिंग असणारच असं धरून चला. बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे समुद्री जीव) आणि शेवाळ बसू नये म्हणून त्यात विष असतं, बहुतेक वेळा क्यूप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग. लालसर विटकरी रंग दिसला तर हाच पहिला संशय, पण निळ्या आणि काळ्या अँटीफाउलिंगमध्येही तांबं असतंच, त्यामुळे रंगावरून सोडून देऊ नका. बोट खूप जुनी असेल तर टीबीटी हे टिनचं संयुग असू शकतं. ते इतकं घातक निघालं की त्यावरचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर 2008 मध्ये लागू झाला आणि जगभरात बंदी आली. त्याआधीची, त्यातही अॅल्युमिनियमची बोट असेल तर जास्तच जपून.

सामान

80, 120, 240 आणि 400 नंबरचा वॉटर पेपर, नवीन पात्यांचा कटर, चांगल्या चिकटीची पारदर्शक टेप, पांढऱ्या सुती चिंध्या (रंगीत नको, स्वतःचाच रंग सोडतात), घरातलं अॅल्युमिनियम फॉइल, थोडं टर्पेंटाइन, झायलीन आणि अॅसिटोन. अॅसिटोन नाही मिळालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चालतं. नायट्राइलचे हातमोजे जास्त घ्या, अॅसिटोनने ते पटकन सैल होतात, बदलत राहावे लागतात. मास्क मात्र नीट घ्या, वास आणि धूळ दोन्ही अडवणाऱ्या कार्ट्रिजचा हाफ फेस मास्क. एन 95 धुळीला ठीक आहे, थिनरच्या वाफेला त्याचा काही उपयोग नाही.

खिडकी पाडा

पहिलं काम म्हणजे तळावर तीन-चार ठिकाणी वीतभर जागा घासून खिडक्या पाडायच्या. एक वॉटरलाइनला (पाणी टेकतं ती रेघ), एक खाली कीलजवळ (तळाचा मधला कणा), एक मागे ट्रान्समला (बोटीची मागची सपाट बाजू), आणि एक जिथे ट्रेलरचे रोलर टेकतात तिथे, कारण तिथेच आधीच्या मालकाने चार वेळा टचअप केलेलं असतं आणि थर वेगळे निघतात.

घासायच्या आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि सॉल्व्हंटच्या चिंधीने पुसून लगेच कोरड्या चिंधीने ओढून घ्या. बोटीवर वॅक्स किंवा सिलिकॉन पॉलिश असेल आणि तुम्ही थेट पेपर मारलात तर ते वॅक्स घासून आत जातं, नंतर नवा रंग मासोळीच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे सोडतो. पाणी मारून बघा, थेंब थेंब होऊन घरंगळतंय तर अजून वॅक्स आहे, सलग पसरलं की झालं.

मग 80 ने पाणी मारत मधोमध घासायला लागा, मध्यभागी खोल आणि कडेला उतरतं, शेवटी 240 आणि 400 ने साफ करा. आता जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. एका मित्राची सोळा फुटी बोट मुंबईहून आली होती, तिच्या खिडकीत बाहेरून आत असं निघालं: निळा, त्याच्या खाली विटकरी, मग परत निळा पण जरा फिकट, मग पातळ राखाडी, मग एक गुलाबी धब्बा, आणि मग पांढरं जेलकोट, म्हणजे फायबरचा मूळ बाहेरचा थर. वाचायचं कसं ते सांगतो. दोन निळे आणि विटकरी म्हणजे वेगवेगळ्या सीझनचे अँटीफाउलिंग. राखाडी म्हणजे प्रायमर किंवा इपॉक्सीचा पाणी अडवणारा बॅरियर कोट, ही चांगली बातमी. गुलाबी म्हणजे गाड्यांना भरतात ती लांबी (पुट्टी), पॉलिस्टरची, आणि ती पाण्याखाली मारलेली म्हणजे वाईट बातमी, कारण ती पाणी शोषते. तसा धब्बा जिथे दिसेल तिथे खडूने गोल करून ठेवा, तो पूर्ण काढून इपॉक्सीचा फिलर भरावा लागणार आहे.

प्रत्येक खिडकीचा फोटो काढा आणि थरांचा क्रम लिहून ठेवा. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतं, फार नाही, त्यामुळे पांढरं दिसलं की थांबा. त्याच्या खाली काचेचे धागे दिसायला लागले तर ती नवीन दुरुस्ती झाली.

चिंधी टेस्ट

आता प्रत्येक थर कसला आहे ते ओळखायचं. सौम्यापासून सुरू करून कडकपर्यंत जायचं, उलटं नाही, नाहीतर अॅसिटोनने सगळंच मऊ पडतं आणि काही कळत नाही.

आधी नुसतं पाणी आणि स्कॉच ब्राइटची घासणी. चार हात मारल्यावर पाणी निळं-लाल झालं, थर झिजत चाललाय असं वाटलं तर ते मऊ, झिजणारं अँटीफाउलिंग. त्याचं कामच हळूहळू झिजून विष सोडायचं, म्हणजे त्याच्यावर दुसरा कुठलाही कडक रंग मारणं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं. इथे एक सावधगिरी: उन्हात जुना झालेला कुठलाही रंग वरून खडूसारखा भुकटी सोडतो. म्हणून पहिल्या पुसण्यात रंग आला म्हणून लगेच निकाल लावू नका, भुकटी धुऊन परत बघा.

मग टर्पेंटाइन. चिंधी तपकिरी-काळी झाली तर डांबर किंवा बिटुमन. जुन्या लाकडी होड्या आणि लोखंडी तराफ्यांवर हे असतं. त्यावर काहीही मारलं तरी तपकिरी डाग वर फुटून येतात, त्यामुळे काढायलाच लागतं.

मग झायलीन. दोन-तीन मिनिटांत चिकट झालं, बोट लावलं तर तार येतेय असं वाटलं तर क्लोरिनेटेड रबर किंवा तसल्या एका डब्याच्या रंगाचा संशय.

शेवटी अॅसिटोन. चिंधीचा बोळा भिजवून थरावर ठेवा, वरून फॉइल चिकटवा म्हणजे उडून जाणार नाही, पाचेक मिनिटं थांबा आणि फॉइल काढून जोरात घासा. तीन प्रकारची उत्तरं मिळतात. रंग सरळ विरघळून चिंधीवर आला तर एनसी, व्हिनाइल, अॅक्रिलिक यातलं काहीतरी. विरघळला नाही पण सुरकुतला, नखाने कातडीसारखा सोलून आला तर साधं एनॅमल. काहीच झालं नाही, फक्त चमक जरा गेली, तर दोन डब्यांचं इपॉक्सी किंवा पीयू, नाहीतर थेट जेलकोट. यातली चमक टिकवून असलेला बहुतेक पीयू, उन्हात निस्तेज होऊन खडू सोडणारा बहुतेक इपॉक्सी. जेलकोट घासताना स्टायरीनचा तो फायबरच्या कारखान्यातला ओळखीचा वास येतो, भोसरीत अशा शेडवरून गेला असाल तर लगेच कळेल. अर्धवट मुरलेलं इपॉक्सीही मऊ पडतं बरं का, म्हणजे हार्डनरचं प्रमाण चुकलेलं. तसं आढळलं तर तो थर काढायच्या यादीत टाका, ते नंतर मुरत नाही.

हे सगळं मोकळ्या हवेत, सावलीत करा, आणि जवळ ग्राइंडर, बिडी, गॅस काही नको. भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत, बाहेर पसरून वाळवायच्या.

पकड बघा

रंग कुठला हे कळलं, आता तो धरून बसलाय का ते. बोटीवरचे थर जाड असतात त्यामुळे गाडीवर करतात तशी बारीक जाळीची टेस्ट इथे नीट लागू होत नाही, फुली मारायची. नव्या पात्याने जेलकोटला जेमतेम टेकेल इतपत दोन चिरा, प्रत्येकी चार सेंटिमीटर, एकमेकांना तिरक्या छेदणाऱ्या. त्यावर टेप दाबून बसवा, मिनिट-दीड मिनिट थांबा आणि टेप स्वतःवरच दुमडून एका झटक्यात मागे ओढा.

नुसतं सुटलं का नाही एवढं बघू नका, टेपच्या खालची बाजू बघा. तिथे कुठला रंग दिसतो त्यावरून कुठल्या दोन थरांमधली पकड गेलीय ते कळतं. टेपच्या पोटावर राखाडी दिसला म्हणजे प्रायमर जेलकोटवरून सुटला, सगळं काढा. फिकट निळा दिसला आणि राखाडी हलवर (बोटीच्या बाहेरच्या कवचावर) राहिला म्हणजे वरचे थर काढून प्रायमर वाचवता येतो, आणि हे वाचलं तर तुमचं निम्मं काम वाचलं. मित्राच्या बोटीत नेमकं हेच झालं, राखाडी ढिम्म हलला नाही.

मोठ्या भागासाठी नाण्याने टकटक करत जा, जिथे आवाज पोकळ येतो तिथे खडूची खूण.

कुठे थांबून विचार करायचा

लोखंडी बोट, लाँच, जुना तराफा असेल तर सगळ्यात खाली केशरी शेंदूर असू शकतो, म्हणजे सरळ शिसं. रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट प्रायमर तर आपल्याकडे सर्रास वापरला जातो, त्यातलं क्रोमेट कॅन्सर करणारं आहे. आपल्याकडे रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना, औद्योगिक रंगांना नाही, त्यामुळे "नवीन आहे म्हणजे शिसं नाही" असं धरू नका. शंका असेल तर पापुद्र्याचा तुकडा एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये द्या. काळाकुट्ट, कडक, अॅसिटोनने पिवळट-तपकिरी डाग सोडणारा थर म्हणजे कोलटार इपॉक्सी, त्याची धूळ अंगाला लागून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते.

आणि आता एक गोष्ट मी जोर देऊन सांगणार आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर हे आपलं पिण्याचं पाणी आहे, पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. तांब्याची भुकटी माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना मारते, ती तयारच त्यासाठी केलेली असते. धरणाच्या काठावर बोट उलटी टाकून पॉलिश पेपर मारत बसणं, किंवा खडखडीत प्रेशर वॉशर मारून ते लाल पाणी उतारावर सोडून देणं, हे कृपा करून कुणी करू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्येही नको, तिथे मुलं खेळतात. शेड भाड्याने घ्या.

काढायचं की ठेवायचं

माझा हिशोब असा. सगळ्या खिडक्यांमध्ये दोन डब्यांचा रंग, फुली टेस्टमध्ये काही सुटलं नाही, तर ठेवा, फक्त धुवा, पुसा, 120 ते 180 ने घासून चमक घालवा आणि पुढे चला. मऊ अँटीफाउलिंग असेल आणि बोट आता धरणातच राहणार असेल तर काढाच, इथे बार्नॅकल नाहीत, हिरवा बुळबुळीतपणा येतो तो स्पंजने निघतो, विषाची गरजच नाही. त्यावर सीलर मारून दाबून टाकता येतं हे खरं, पण मला ते पटत नाही, खालचा मऊ थर तसाच राहतो. एनॅमल किंवा एनसी पाण्याखाली असेल तर काढा. आणि चाचणीतल्या चौथ्या भागाहून जास्त ठिकाणी सुटत असेल तर तुकड्या-तुकड्याने जुळवत बसू नका, सगळं उतरवा, तेच शेवटी स्वस्त पडतं.

उतरवणं

खाली जाड ताडपत्रीचे दोन थर, कडांना लाकडी पट्ट्या घालून उचललेल्या, म्हणजे पाणी बाहेर जाणार नाही. अंगभर कपडे, चष्मा, मास्क. ते कपडे घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.

हत्यारांमध्ये माझा सगळ्यात विश्वास कार्बाइड पात्याच्या ओढायच्या स्क्रॅपरवर. पात्याचे दोन्ही कोपरे आधी घासून गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक ओढीला जेलकोटवर एक नाली पडते. पृष्ठभाग ओला ठेवायचा, दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे लांब ओढायचं, कोन बदलत बसायचं नाही. नीट जमलं की अँटीफाउलिंगच्या ओल्या साली निघतात, धूळ जवळजवळ नाहीच. खांदे भरून येतात, पण घाई केली की कोपरा रुततो, म्हणून दमलात की थांबा.

उरलेला पातळ थर ऑर्बिटल सँडरने, व्हॅक्यूम जोडून, 80 नंबर डिस्कने, आणि अगदी शेवटचा हाताने ओल्या पेपरने. अँगल ग्राइंडर घेऊन कुणी आला तर हात धरून थांबवा, एका मिनिटात जेलकोटच्या पार जातो. अँटीफाउलिंगवर हीट गन किंवा ब्लो लँप अजिबात नको, त्याचा धूर विषारी असतो. बाजारातलं साधं पेंट रिमूव्हर बहुतेक मेथिलीन क्लोराइडचं असतं, ते फायबरच्या जेलकोटलाही खातं आणि बंद शेडमध्ये त्याची वाफ जीव घेऊ शकते. फायबरसाठीच म्हणून बनवलेलं रिमूव्हर मिळालं तर वापरा, तेही आधी टीचभर जागेवर.

लाकडी होडीचं वेगळं. तिच्यावर वर्षानुवर्षं माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल मुरवलेलं असेल तर वरचं खरवडून काढलं तरी फळ्यांत तेल असतंच, त्यावर इपॉक्सी धरत नाही. पाण्याचे थेंब फळीवर उभे राहतात का बघा, राहत असतील तर तीच तेलाची पद्धत चालू ठेवणं शहाणपणाचं.

निघालेला गाळ, पापुद्रे, पेपर सगळं वाळवून झाकणाच्या डब्यात भरा. कचऱ्याच्या गाडीत ओला-सुक्यात मिसळून देऊ नका. ज्या वर्कशॉपमध्ये काम करताय त्यांची घातक कचरा उचलणाऱ्यांशी व्यवस्था असेल तर त्यांच्यामार्फत द्या, आपल्या जिल्ह्यात रांजणगावला त्याची सोय आहे. शेड ठरवतानाच हे विचारून घ्या, काम झाल्यावर कुणी डबा घेत नाही.

उघडं झाल्यावर

हल उघडा झाला की फोड शोधा. बारीक फोड टोचल्यावर चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा वास आला तर ऑस्मोसिस, म्हणजे पाणी जेलकोटमधून आत शिरलंय. उघडून, गोड्या पाण्याने परत परत धुऊन, वाळवायचं. ओलावा मीटरने मोजायचा तर रंग काढल्यावरच, तांब्याच्या अँटीफाउलिंगवर मीटर खोटं जास्त दाखवतं. मीटर नसेल तर फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर अजून वाळायचंय.

पुण्यात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखा काळ नाही. हवा कोरडी असते, फक्त सकाळची थंडी आणि दव जाऊ द्या, दहानंतर सुरू करा आणि चारला थांबा. पावसाळ्यात इपॉक्सीवर तुपकट थर येतो, तो पाण्याने आणि स्कॉच ब्राइटने धुऊनच पुढचा पेपर मारायचा. मे महिन्यात उन्हात हल इतका तापतो की भांड्यातला माल मारून होण्याआधीच गोळा व्हायला लागतो.

नवा रंग

कंपनीकडून टेक्निकल डेटा शीट मागून घ्या, त्यात दोन कोटमध्ये किती तास थांबायचं ते तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. जुना थर ठेवला असेल तर आधी फूटभर जागेवर नवा माल मारून दोन दिवस थांबा, मग फुली टेस्ट परत करा. सुरकुतला नाही, सुटला नाही, तरच पुढे. उघड्या जेलकोटवर दोन डब्यांचं इपॉक्सी, सगळे कोट मिळून सुमारे 250 मायक्रॉन, म्हणजे चार-पाच हात. ब्रश आणि रोलरने मारा. पीयू स्प्रे करायचा असेल तर त्यातल्या आयसोसायनेटच्या विषारी वाफेसाठी साध्या कार्ट्रिजच्या मास्कवर भरवसा ठेवण्यासारखं नाही, हवा पुरवणारा मास्क असलेल्या बूथमध्येच द्या.

बोट ट्रेलरवर राहणार, फक्त रविवारी पाण्यात जाणार असेल तर पीयू चालतो. कायम पाण्यात उभी राहणार असेल तर विचारून घ्या, बरेचसे चमकदार पीयू कायम पाण्याखाली राहायला बनवलेले नसतात, आणि ते डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. अॅल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचं काहीही लावू नका, पत्रा खातं.

पाण्यात घातल्यावर महिन्याभराने एकदा बाहेर काढून वॉटरलाइन आणि रोलरच्या जागा बघा. फोड आलेला दिसला तर सुई टोचून वास घ्या. थिनरचा वास आला तर कोट घाईने मारले, आत सॉल्व्हंट अडकलंय. व्हिनेगरचा आला तर हल पूर्ण वाळला नव्हता. वास नाही, नुसतं पाणी आणि खालचा थर गुळगुळीत चमकतोय, तर तिथे घासायचं राहिलं. तिसऱ्या केसमध्ये तेवढाच हातभर भाग उघडून 120 ने घासून परत मारला की भागतं, पहिल्या दोन्हीत मात्र वरून टचअप करू नका, तो भाग पूर्ण मोकळा करून वाळू द्या.